पेन्सिलीने ठोकून नक्की काय कळतं? गिटार अ‍ॅम्पमधल्या ट्यूबच्या निदानाची उलटतपासणी

ट्यूबवर चालणारा गिटार अ‍ॅम्प तडतडायला लागला की कुणालाही विचारा, सल्ला ठरलेला असतो. पेन्सिल घ्या, तिच्या मागच्या टोकाने एकेका प्रीअ‍ॅम्प ट्यूबवर हलकेच टकटक करा. जिच्यावर ठोकल्यावर स्पीकरमधून मोठा आवाज येईल ती ट्यूब गेली. ती काढा, नवी लावा. तडतड थांबली ना? मग झालं!

हा सल्ला वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पन्नास-साठ वर्षं लोक तो देतायत, आणि बऱ्याचदा अ‍ॅम्प सुरूही होतो. पण एखाद्या शोधनिबंधातली ‘पद्धत’ जशी आपण तपासतो, तसा हा सल्ला आज तुमच्यासमोर तपासून बघायचाय. माझं मत आधीच सांगून टाकते: पेन्सिलीची चाचणी भलत्याच प्रश्नाचं उत्तर देते, आणि ‘बदलली, थांबलं, म्हणजे तीच खराब होती’ हा निष्कर्ष त्या पुराव्यावर टिकत नाही.

तुम्ही म्हणाल, गिटारच्या अ‍ॅम्पशी हिचा काय संबंध? माझी पीएचडी इलेक्ट्रॉनिक नॉइजवर आहे. ऑक्साइडच्या पातळ थरांतून प्रवाह जाताना तो स्थिर न राहता किती आणि कसा थरथरतो, हे मी मोजते. या नॉइजचा अभ्यास सुरू झाला तोच मुळी रेडिओच्या ट्यूबमधून. त्यामुळे ट्यूबा माझ्या विषयाच्या आज्याच लागतात. (आपले आजोबा त्यांना व्हॉल्व्ह म्हणायचे. ‘ट्यूब उशिरा पेटली’ म्हणतो ती मात्र घरातल्या ट्यूबलाइटची. तीही या लेखात एकदा पेटणार आहे.)

आमच्या लॅबमध्ये मडगावचा एक मित्र आहे. त्याचे अंकल जहाजावर नोकरीला होते आणि सुट्टीत घरी आले की लग्नसमारंभांत गिटार वाजवायचे. त्यांनी एका फेरीत आणलेला जुना कॉम्बो अ‍ॅम्प, म्हणजे अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात असलेला, अंकल गेल्यावर मित्राकडे आला. त्यातल्या ट्यूबाही अंकलच्या वेळच्याच होत्या. दोन वर्षं सगळं ठीक होतं. मग फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज यायला लागला, तोही अ‍ॅम्प चांगला तापल्यावर, साधारण वीस मिनिटांनी. मित्राने पेन्सिल घेतली. एक ट्यूब ‘टण्ण’ वाजली. त्याने परदेशातून प्रीअ‍ॅम्प ट्यूबांचा अख्खा सेट मागवला, दीड महिन्याचं स्टायपेंड घातलं, सगळ्या बदलल्या, दहा मिनिटं वाजवून बघितलं. शांत. “अगं, ट्यूबच होती,” म्हणाला. जुन्या ट्यूबा खोलीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे गेल्या. दोन आठवड्यांनी तडतड परत हजर.

आता त्या दहा मिनिटांत नेमकं काय सिद्ध झालं, ते बघू. त्यासाठी आधी थोडं आतलं.

उदाहरण म्हणून सगळ्यांच्या ओळखीचं सर्किट घेऊ: फेंडर डीलक्स रिव्हर्ब, १९६३ साली आलेला, २२ वॅटचा. याच्या एबी७६३ या सर्किटची इतकी नक्कल झालीय की ते कळलं की अर्धे कॉम्बो कळले. मागून बघितलं तर ट्यूबा एका रांगेत दिसतात. इनपुटच्या बाजूने मोजायचं: व्ही१ नॉर्मल चॅनेलची, व्ही२ व्हायब्रॅटो चॅनेलची, व्ही३ रिव्हर्बच्या स्प्रिंगांना ढकलणारी, व्ही४ची अर्धी बाजू स्प्रिंगांतून परत आलेला आवाज उचलणारी आणि अर्धी तो मूळ आवाजात मिसळून पुढे वाढवणारी, व्ही५ व्हायब्रॅटोची (खरं तर ट्रेमोलोची), व्ही६ फेज इन्व्हर्टर. त्यापुढे पॉवर ट्यूबा, दोन ६व्ही६, आणि शेवटी रेक्टिफायर.

यातल्या बहुतेक छोट्या ट्यूबा १२एएक्स७ जातीच्या. युरोपात हिचंच नाव ईसीसी८३. आरसीएने ही १९४७मध्ये बाजारात आणली. एका काचेत दोन स्वतंत्र ट्रायोड असतात, म्हणजे बाटली एक आणि अ‍ॅम्प्लिफायर दोन. प्रत्येकाचं काम सोपं: तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, प्लेटकडे धावतात, आणि मधली ग्रिड त्यांना कमी-जास्त अडवते. ग्रिडवर गिटारचा मिलिव्होल्टमधला सिग्नल द्यायचा, प्लेटचा प्रवाह त्याप्रमाणे बदलतो. प्लेटला वीज मिळते ती १०० किलोओमच्या रेझिस्टरमधून. त्यातून ०.७ ते १ मिलिअँपिअर जातो, म्हणजे ७० ते १०० व्होल्ट त्या रेझिस्टरवरच पडतात. प्रवाह हलला की हा व्होल्टेज हलतो, आणि तोच आपला मोठा झालेला सिग्नल. कागदावर ट्यूबचा गुणक १००, पण या सर्किटमध्ये प्रत्यक्षात मिळतात सुमारे ६० पट.

हा प्लेट रेझिस्टर लक्षात ठेवा. संशयितांच्या यादीत त्याचं नाव कुणी घेत नाही.

आता पेन्सिल. ट्यूबवर ठोकलं की आतली ग्रिड किंचित हलते, कॅथोडपासूनचं तिचं अंतर बदलतं, प्रवाह बदलतो, आवाज होतो. याला मायक्रोफोनिक म्हणतात. मुद्दा असा की प्रत्येक ट्यूब थोडीफार मायक्रोफोनिक असतेच. तारांची ग्रिड एका काचेच्या बाटलीत टांगलीय, ती हलणार नाही तर काय! मग काही ट्यूबा जास्त का वाजतात? त्या रांगेत कुठे उभ्या आहेत त्यामुळे. व्ही२मध्ये झालेली हालचाल पुढच्या दोन-तीन टप्प्यांतून वाढत जाते. टोन सर्किटमध्ये आणि मिसळण्यात होणारी घट वजा केली तरी फेज इन्व्हर्टरवरच्या तेवढ्याच टकटकीपेक्षा ती शेकडो पट मोठी ऐकू येते. म्हणजे पेन्सिलीची चाचणी जवळपास दर वेळी पहिल्या टप्प्याच्या ट्यूबलाच गुन्हेगार ठरवते. चोरी कुणीही करो, दाराशी उभा असलेला पकडायचा, तसं.

शिवाय मित्राची तक्रार तडतडीची होती, मायक्रोफोनिकची नव्हतीच. ट्यूब खरोखर मायक्रोफोनिक असेल तर लक्षणं वेगळी असतात: ठराविक सुरावर काचेसारखी घंटा वाजते, ठोकल्यावर आवाज चटकन न विरता रेंगाळतो, किंवा गिटार न जोडताच व्हॉल्यूम वाढवल्यावर अ‍ॅम्प स्वतःशीच किंचाळायला लागतो. कॉम्बोमध्ये हे जास्त, कारण स्पीकर त्याच खोक्यात ट्यूबांना हलवत असतो. अशा तक्रारीसाठी पेन्सिल उत्तम आहे, आणि तेव्हाही तुलना करायची ती त्याच सॉकेटमध्ये दुसरी ट्यूब लावून, शेजारच्या सॉकेटमधल्या ट्यूबशी नाही.

तडतडीसाठी पेन्सिलीआधी नॉब फिरवायचे. फुकटचं काम आणि माहिती जास्त. डीलक्स रिव्हर्बच्या व्हायब्रॅटो चॅनेलमध्ये व्हॉल्यूमचा नॉब व्ही२च्या दोन अर्ध्यांच्या मधोमध येतो. व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर तडतड गेली, तर उगम व्ही२च्या पहिल्या अर्ध्यात किंवा त्याच्या आसपास. तशीच राहिली, तर दुसऱ्या अर्ध्यात किंवा त्यापुढे. रिव्हर्बच्या नॉबबरोबर कमी-जास्त झाली तर व्ही३, स्प्रिंगांचा डबा आणि व्ही४चा तो पहिला अर्धा. एका बाटलीतल्या दोन अ‍ॅम्प्लिफायरांपैकी कुठला, इथपर्यंत एक नॉब नेऊन सोडतो. पेन्सिलीला हे कधीच जमणार नाही, तिच्यासाठी बाटली एकच.

त्यानंतर काढून बघायची पाळी. अ‍ॅम्प बंद करून, ट्यूब गार होऊ देऊन, आधी व्ही६ काढायची आणि परत सुरू करायचं. आवाज अजून येतोय? मग तो पॉवर ट्यूबा किंवा पॉवर सप्लायचा, प्रीअ‍ॅम्प सुटला. गेला? व्ही६ परत लावा, व्ही४ काढा. असं इनपुटच्या दिशेने मागे मागे यायचं. ज्या ट्यूबच्या काढण्याने आवाज पहिल्यांदा जाणार नाही, तिच्या पुढच्या टप्प्यात घोटाळा. (हीटर समांतर जोडलेले असतील तरच हे करा. काही अ‍ॅम्पमध्ये ते जुन्या दिव्यांच्या माळेसारखे एकामागोमाग असतात, एक काढली की सगळ्याच विझतात.)

ही पद्धत मला आवडते. एका वेळी एकच गोष्ट बदलते, आणि क्रमही शहाणा आहे. पण तिच्या नावावर जो निष्कर्ष खपवला जातो तो बघा: ‘व्ही२ काढली, तडतड थांबली, म्हणजे व्ही२ खराब.’

थांबा. व्ही२ काढली तेव्हा आणखी काय बंद पडलं? प्लेट रेझिस्टरमधून जाणारा प्रवाहही ट्यूबमधूनच जात होता. ट्यूब गेली, प्रवाह शून्य, रेझिस्टरवरचा व्होल्टेज शून्य. जुन्या अ‍ॅम्पमध्ये हे रेझिस्टर कार्बन कॉम्पोझिशनचे असतात, म्हणजे कार्बनची पूड आणि बांधून ठेवणारं मिश्रण दाबून केलेली कांडी. प्रवाह एका कणाकडून दुसऱ्या कणाकडे उड्या मारत जातो, आणि कणांमधले हे सांधे वयाने, उष्णतेने, दमटपणाने बिघडतात. अशा रेझिस्टरचा जादा नॉइज त्याच्यावरच्या डीसी व्होल्टेजबरोबर वाढतो. व्होल्टेज नाही तर तो नॉइजही नाही. म्हणून ट्यूब खराब असो वा रेझिस्टर, ट्यूब काढल्यावर दोन्ही वेळी सारखीच शांतता. ही चाचणी टप्पा दाखवते. त्या टप्प्यातला दोषी कोण, हे ती सांगूच शकत नाही, कारण तिने दोघांनाही एकदम गप्प केलंय.

आमच्या विषयाच्या इतिहासातही नेमका हाच गुंता आहे, म्हणून थोडं विषयांतर. १९१८मध्ये जर्मनीत वॉल्टर शॉटकी यांनी दाखवलं की ट्यूबमधला प्रवाह सुट्या सुट्या इलेक्ट्रॉनांचा असल्यामुळे त्यात एक अटळ नॉइज असणारच. पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा. जे. बी. जॉन्सन यांनी अमेरिकेत तो मोजायला घेतला आणि १९२५मध्ये लिहिलं की कमी फ्रिक्वेन्सीला नॉइज शॉटकींच्या गणितापेक्षा बराच जास्त येतो, विशेषतः ऑक्साइडचा लेप असलेल्या कॅथोडमध्ये. पुढच्याच वर्षी शॉटकींनी त्याला फ्लिकर इफेक्ट म्हटलं. आज आम्ही ज्याला वन-बाय-एफ नॉइज म्हणतो तो हाच, आणि माझी शिष्यवृत्ती त्याच्यावरच चाललीय. म्हणजे ट्यूब स्वतः नॉइज करते, हे शंभर वर्षांपूर्वीच नोंदवलं गेलं.

पण त्याच जॉन्सननी १९२८मध्ये दुसरी गोष्ट दाखवली: अ‍ॅम्प्लिफायरच्या नॉइजचा एक भाग ट्यूबचा नसतोच. तो इनपुटला जोडलेल्या रेझिस्टरचा असतो, निव्वळ त्याच्या तापमानामुळे, मग तो रेझिस्टर कशाचाही बनलेला असो. हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. गिटार अ‍ॅम्पच्या इनपुटला ६८ किलोओमचा रेझिस्टर असतो. खोलीच्या तापमानाला, १० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, त्याचा नॉइज येतो सुमारे ३.४ मायक्रोव्होल्ट. छोटा वाटतो, पण पुढे जी वाढ होते त्यात तो ‘स्स्स’ असा ऐकू येतो. जगातली सर्वात महाग ट्यूब आणा, हा ‘स्स्स’ तिने जाणार नाही. लोक मात्र त्याच्यासाठी ट्यूबा बदलत राहतात.

बदलण्याकडेच येऊ. ट्यूब बदलल्यावर आवाज गेला तर त्याची चार तरी कारणं संभवतात, आणि ‘जुनी ट्यूब खराब होती’ हे त्यातलं फक्त एक.

सॉकेट हे दुसरं. ट्यूब काढताना-घालताना तिच्या पिना सॉकेटच्या पत्र्यांवर घासल्या जातात, वर्षानुवर्षं साचलेला गंज खरवडला जातो. नवी ट्यूब निमित्तमात्र, काम केलं घासण्याने. जुनीच ट्यूब काढून परत घातली असती तरी तेच झालं असतं. म्हणून नवी घालण्याआधी हा प्रयोग करायलाच हवा, आणि मी बघितलेल्या दहातल्या नऊ सल्ल्यांत तो नसतो.

तिसरं म्हणजे नव्या ट्यूबने नुसता आवाज कमी केला असेल. १२एएक्स७च्या जागी १२एटी७ किंवा १२एयू७ बसते, पिना त्याच. पण पहिलीचा गुणक १००, दुसरीचा ६०, तिसरीचा जेमतेम २०च्या घरात. ‘१२एयू७ लावली आणि नॉइज गेला’ म्हणजे रेडिओचा आवाज बारीक केल्यावर खरखर कमी झाली म्हणण्यासारखं. गिटारही तेवढीच बारीक झाली, ते कोण सांगणार! (१९५०च्या दशकातल्या फेंडरमध्ये पहिल्या जागी १२एवाय७ असायची, गुणक चाळिशीतला. तो आवाज हवा असेल तर खुशाल लावा, पण त्याला दुरुस्ती म्हणू नका.)

चौथं कारण नुसता योगायोग, आणि इथे एक छोटं गणित करण्याचा मोह मला आवरत नाही. समजा तडतड सरासरी दर दहा मिनिटांनी एकदा येते, कधी लवकर, कधी उशिरा, काही नेम नाही. तुम्ही ट्यूब बदलली, म्हणजे खरं तर काहीच दुरुस्त केलं नाही, आणि दहा मिनिटं ऐकलंत. या दहा मिनिटांत एकदाही तडतड न येण्याची शक्यता ३७ टक्के. तीनातून एकदा तुम्ही ‘झालं!’ म्हणणार. अर्धा तास ऐकलंत तर ही शक्यता ५ टक्क्यांवर येते. आणि आमच्या मित्राच्या अ‍ॅम्पसारखा दोष तापल्यावरच येत असेल, तर गार अ‍ॅम्पवरच्या पहिल्या दहा मिनिटांची किंमत शून्य. त्या दहा मिनिटांवर त्याने दीड महिन्याचं स्टायपेंड लावलं.

मग करायचं काय? जुनी–नवी–जुनी. दोष दिसेपर्यंत जुनीवर ऐका आणि किती वेळाने येतो ते लिहून ठेवा. नवी घाला, त्याच्या तिप्पट वेळ ऐका. शांत? आता जुनी परत घाला. दोष परत आला तरच जुनी दोषी. नाही आला तर सॉकेट साफ झालं म्हणायचं, ट्यूबचे पैसे वाचले. आणि नवीवरही तडतड आली तर ट्यूबला सोडा, रेझिस्टरकडे बघा. ही तिसरी पायरी सगळ्यांना जिवावर येते. चाललंय ते पुन्हा बिघडवून का बघायचं? मलाही आली होती.

दुसऱ्या वर्षी माझ्या एका सॅम्पलमध्ये अफाट नॉइज आला. सॅम्पल बदललं, नॉइज गेला. मी तीन महिने त्या ‘खराब’ सॅम्पलवर मोजमापं घेतली, थर बनवताना काय चुकलं याची एक छानशी गोष्टही रचली आणि ग्रुपमध्ये सांगितली. एका सीनिअरने विचारलं, “पहिलं सॅम्पल परत लावून बघितलंस का गं? नवे कॉन्टॅक्ट देऊन?” नव्हतं बघितलं. सिल्व्हर पेस्टचे कॉन्टॅक्ट काढून नवे दिले, तेच सॅम्पल लावलं. चिडीचूप. तीन महिने मी वाळलेल्या पेस्टचा नॉइज मोजत होते. तेव्हा माझी ट्यूब पेटली. मित्राला मी हसले नाही, याचं कारण हे.

ट्यूब निर्दोषच असते असा समज करून घेऊ नका. काचेच्या टोकाला आतून चांदीसारखा डाग असतो, तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरलीय, चर्चा संपली. हीटर पेटतच नसेल तरी तसंच. आणि काही जागाच ट्यूबच्या जिवावर उठलेल्या असतात. फेंडर बेसमनच्या ५एफ६-ए सर्किटमध्ये आणि त्यावरून आलेल्या मार्शलमध्ये टोन सर्किटच्या आधी कॅथोड फॉलोअर असतो. तिथे कॅथोड जवळपास १७०-१८० व्होल्टवर बसलेला आणि हीटर जमिनीच्या पातळीला. १२एएक्स७साठी या दोघांमधल्या फरकाची मर्यादा आरसीएने १८० व्होल्ट दिलीय, म्हणजे ट्यूब कायम काठावर. त्या जागी तडतड किंवा हम आला तर पहिला संशय मीही ट्यूबवरच घेईन.

हमवरून आठवलं. बहुतेक मार्गदर्शन अमेरिकन असतं, त्यात ६० आणि १२० हर्ट्झ लिहिलेलं असतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून आपले आकडे ५० आणि १००. ओळखायला यंत्र नको. गिटारच्या सर्वात जाड तारेवर तिसऱ्या पट्टीचा जी वाजवा, तो ९८ हर्ट्झ. हम त्याच्याशी जवळपास जुळला तर १०० हर्ट्झ, म्हणजे रेक्टिफायरनंतरचे फिल्टर कपॅसिटर म्हातारे झालेत. त्याचा ट्यूबशी संबंध नाही. हम त्याच सुराचा पण एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झ. तो हीटरकडून, अर्थिंगकडून किंवा एखाद्या ट्यूबमधल्या हीटर-कॅथोड गळतीमुळे येऊ शकतो, तिथे जुनी–नवी–जुनी करून बघायला हरकत नाही. फक्त कान नीट लावा: ५० हर्ट्झच्या हममध्ये १००चा अंशही मिसळलेला असतो, आणि बारा इंची गिटार स्पीकर ५० तसा नीट वाजवत नाही. आणि नॉब फिरवतानाच खरखर होत असेल तर बहुधा आधीच्या टप्प्यातला कपॅसिटर डीसी गाळतोय किंवा नॉब मळलाय. तिथेही ट्यूबला उगाच बोल लावला जातो.

ट्यूब बाहेरून काढण्या-घालण्यापलीकडे काही करायचं असेल तर मात्र तुम्ही स्वतः करू नका. आत ४०० व्होल्टच्या आसपास असतात, आणि प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटर ते धरून ठेवतात. मी रोज इलेक्ट्रॉनिक्स हाताळते, तरी चासीत हात घातला नाही. आणि चालू अ‍ॅम्पचा स्पीकर कधीही काढू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

आम्ही तो अ‍ॅम्प पुण्यात जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेला. मी त्यांना आमची नोंदवही दाखवली: व्हॉल्यूम शून्यावर तडतड कायम, पण त्या चॅनेलची ट्यूब काढली की बंद, नवी ट्यूब, परत जुन्या जागी नवीच दुसरी, तडतड बावीस मिनिटांनी, एकोणीस मिनिटांनी, पंचवीस मिनिटांनी. त्यांनी चष्मा वर करून वाचलं, अ‍ॅम्प उघडला, तापू दिला, आणि एका लाकडी काडीने एक कांडी हळूच दाबली. स्पीकर कडकडला. “ताई, व्हॉल्व्ह नाही हो हा. रेझिस्टर बोलतोय.” प्लेटचा १०० किलोओम. त्यांनी डाख सोडवून तो काढला, मोजला तर १४० दाखवत होता. मेटल फिल्मचा नवा लावला, किंमत पाच रुपये. मजुरी वेगळी, ती त्यांनी रीतसर घेतली. त्यानंतर आम्ही दोन तास तिथेच बसून ऐकलं, काकांनी दुकानाचं अर्धं शटर ओढलं तरी.

भंगारात गेलेल्या ट्यूबांपैकी एक मात्र वाचली होती. पेन्सिलीखाली सर्वात मोठी वाजलेली, मित्राने ‘हीच ती’ म्हणून शोभेला पेनस्टँडमध्ये ठेवलेली. खोलीवर आल्यावर त्याने ती पुसली, त्याच सॉकेटमध्ये घातली आणि अ‍ॅम्प सुरू केला. वीस मिनिटं गेली, चाळीस गेली. मी वहीत वेळ लिहीत होते. तासाभराने तो म्हणाला, “बाकीच्या पण अशाच असतील ना गं?” मी काही बोलले नाही. नवी ट्यूब त्याने डब्यात परत ठेवली आणि अंकल लग्नांत वाजवायचे ते एक जुनं गाणं वाजवायला घेतलं.